शून्य आणि एक यांच्यामध्ये

मेंदूच्या झटक्यानंतर माणूस कितपत सावरला, हे सांगायला डॉक्टर एक मोजपट्टी वापरतात. तिचं मूळ रूप ग्लासगोच्या जॉन रँकिन यांनी १९५७ मध्ये मांडलं. पुढे त्यात दुरुस्त्या झाल्या. शून्य म्हणजे काहीही तक्रार नाही. सहा म्हणजे माणूस गेला. पाच म्हणजे अंथरुणाला खिळलेला, चार आणि तीन म्हणजे कमी-अधिक परावलंबी. दोन म्हणजे स्वतःचं स्वतः करता येतं, पण पूर्वीचं सगळंच जमतं असं नाही. आणि एक म्हणजे लक्षणं आहेत, पण रोजचे सगळे व्यवहार करता येतात. संशोधनात शून्य ते दोन हा बहुतेक वेळा 'चांगला निकाल' धरतात.

माझ्या फाइलीत 'एक' लिहिलंय.

त्याबद्दल माझी तक्रार नाही. या आजारात काही जण दवाखान्यापर्यंत पोचतही नाहीत, तिथे एकवर सुटका होणं हे नशीबच. फक्त त्या व्याख्येत लक्षणांच्या वाट्याला अर्धं वाक्य आलंय आणि माझा दिवस सगळा त्या अर्ध्या वाक्यात जातो. म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर.

झालं काय, ते थोडक्यात सांगते. मेंदूच्या तळाशी एका धमनीच्या भिंतीला फुगवटा आला होता. त्याला ॲन्युरिझम म्हणतात. शंभरातल्या साधारण तीन मोठ्या माणसांच्या डोक्यात असा फुगवटा असतो आणि त्यातल्या बहुतेकांना तो जन्मभर कळतही नाही. माझा फुटला. मेंदूभोवतीच्या आवरणांमधल्या जागेत रक्त पसरलं. जांघेतून बारीक नळी घालून, ती धमन्यांतून थेट डोक्यापर्यंत नेऊन, फुगवट्यात प्लॅटिनमच्या तारेची वेटोळी भरली. कॉइलिंग म्हणतात ते हेच. गुइडो गुग्लिएल्मी या इटालियन डॉक्टरने शोधून काढलेल्या या कॉइल १९९० पासून माणसांवर वापरल्या जातात. कवटी उघडावी लागली नाही. रक्तस्रावानंतरच्या दोनेक आठवड्यांत मेंदूतल्या धमन्या आकसून नवं नुकसान व्हायची भीती असते. त्यासाठी निमोडिपिनची गोळी दर चार तासांनी, २१ दिवस. त्या मुक्कामातलं मला फारसं आठवत नाही, पण रात्री दोन वाजता खांद्याला हात लावून 'ताई, गोळी' म्हणणाऱ्या सिस्टर आठवतात.

मग घरी आले. स्वतःच्या पायांनी. बघायला आलेल्या आत्याने दारातच सांगून टाकलं, "किती छान दिसतेस गं! काही झालं होतं असं वाटतसुद्धा नाही." तिने ते मनापासून म्हटलं होतं. आणि इथेच सगळा घोळ आहे. प्लास्टर नाही, टाके नाहीत, काठी नाही. डोक्यात तार बसवलीय, ती फक्त एक्स-रेला दिसते.

सगळ्यात आधी थकवा. हा विषय काढला की समोरचा हमखास म्हणतो, "अगं, आम्हीपण थकतो." थकत असतीलच. पण दिवसभर राबून येणारा थकवा मलाही माहीत होता; त्यात अंग दुखतं, डोळे मिटतात, झोपलं की उतरतो. हा तो नव्हे. एकदा एक साधा अर्ज भरत बसले होते. नाव, पत्ता, जन्मतारीख इथवर हात भराभर चालला. फोन नंबरच्या चौकटीशी आले आणि अक्षरं दिसत असूनही वाचता येईनात. म्हणजे 'फो' दिसतोय, 'न' दिसतोय, पण पुढे काय लिहायचं ते येत नाही. डोळे त्याच ओळीवर, पेन हातात, आणि आत कुणी दिवे मालवल्यासारखं. अंग अजिबात दमलेलं नव्हतं. हवं तर मैलभर चालून आले असते. तो अर्ज मात्र दुसऱ्या दिवशी पुरा केला.

झटक्यानंतर निम्म्याच्या आसपास लोकांना असा थकवा राहतो आणि झटका किती मोठा होता याच्याशी त्याचा सरळ हिशेब लागत नाही. हात-पाय धड असलेल्यांनाही तो गाठतो. हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. आपण आळशी झालोय की काय, या विचारात माझे बरेच दिवस गेले.

मग ती चाचणी. स्मृती, लक्ष, भाषा वगैरे तपासणारी, तीस गुणांची. सव्वीस किंवा जास्त मिळाले की ठीक समजतात. तपासणाऱ्या बाईंनी मला पाच शब्द सांगितले, 'लक्षात ठेवा, नंतर विचारीन' म्हणाल्या. घड्याळ काढून त्यात अकरा वाजून दहा मिनिटं दाखवायला लावली. आणि शंभरातून सात वजा करत जायला सांगितलं. त्र्याण्णव. शहाऐंशी. इथे मी टेबलाखाली बोटं मोजायला घेतली. एकोणऐंशी. बाहेर कुणीतरी खुर्ची ओढली आणि एकोणऐंशी हातातून निसटला. तो परत पकडायला डोळे मिटावे लागले. बहात्तर. पासष्ट. बरोबर आलं सगळं. तिसातले अठ्ठावीस मिळाले आणि बाईंनी हसून 'उत्तम' म्हटलं. घरी येऊन मी चपला पायात असतानाच पलंगावर आडवी झाले ती उजेड गेल्यावर उठले. अठ्ठावीस गुण कागदावर आहेत. त्या अठ्ठावीस गुणांपायी अख्खी संध्याकाळ गेली, ते कागदावर नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे. जमतं का, हे सगळे विचारतात: डॉक्टर, ऑफिस, नातेवाईक, विमावाले. जमवायला काय पडतं, हे कुणी विचारत नाही. आणि मागे राहिलेली बहुतेक लक्षणं या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात असतात.

हे एका माणसाने फार आधी, फार नीट लिहून ठेवलंय. आल्फ ब्रोडाल हे ऑस्लोचे शरीररचनाशास्त्राचे प्राध्यापक. मेंदूतल्या जोडण्यांचा अभ्यास हेच त्यांचं काम. १९७२ मध्ये त्यांना स्वतःलाच झटका आला. प्रकार माझ्याहून वेगळा. त्यांची डावी बाजू लुळी पडली. बरे होता होता त्यांनी स्वतःकडे अभ्यासकाच्या नजरेने पाहिलं आणि १९७३ मध्ये 'ब्रेन' या नियतकालिकात ते छापलं. दुबळा स्नायू हलवायला जी शक्ती खर्चावी लागते ती स्नायूची नव्हे, मनाची असते, असा त्यांचा अनुभव. लक्ष टिकत नाही, आत्ता ऐकलेलं राहत नाही, हेही त्यांनी नोंदवलं. पण मला थबकवलं ते त्यांच्या अक्षराने. लुळी पडली ती डावी बाजू, लिहिणारा उजवा हात शाबूत, तरी अक्षर बिघडलं आणि चुका होऊ लागल्या. म्हणजे ज्या भागाला काही झालंच नाही, त्याचंही काम महाग झालं. मेंदूत कुठलंच खातं एकट्याच्या भरवशावर चालत नाही. हे वाचलं त्या दिवशी मला जरा हायसं वाटलं. मेंदू कोळून प्यालेल्या माणसालाही हे इच्छाशक्तीच्या जोरावर हटवता आलं नव्हतं.

मी स्वतःला असं समजावते: हमरस्ता खचलाय, वाहतूक गल्लीबोळांतून वळवलीय. गाडी पोचते. वेळ आणि पेट्रोल जास्त लागतं.

यातली सगळ्यात चिवट गल्ली आवाजांची. निरोगी मेंदू दिवसभर मुकाट्याने आवाज गाळत असतो, हे माझ्या गावीही नव्हतं. चार माणसं बसलीत, वर पंखा फिरतोय, पलीकडे टीव्ही चालू आहे, आत कुणी भांडी लावतंय. पूर्वी यातून मला फक्त बोलणाऱ्याचा आवाज यायचा. आता सगळे एकाच उंचीने येतात. वहिनी काहीतरी सांगत असते आणि मला तिच्या वाक्याइतकंच ठळक पंख्याचं कुरकुरणं ऐकू येतं. वाक्य समजून घ्यायचं तर पंखा हाताने बाजूला सारावा लागतो, मग टीव्ही, मग भांडी. एवढ्यात वहिनीचं पुढचं वाक्य आलेलं असतं. अर्ध्या तासाने माझ्या चेहऱ्यावर एक ठरावीक हसू येतं. मुलीने त्याला 'आईचं बंद दुकान' असं नाव ठेवलंय. ते दिसलं की तीच म्हणते, "आई, चल, आत जाऊया."

कानात घालायचे बोळे नेहमी जवळ असतात. पण दिवसभर घालून बसत नाही. सतत शांततेत राहिलं तर कान उलट जास्त हळवे होतात, असं थेरपिस्टने बजावलंय. कार्यक्रमाला जाते ती लवकर जाते आणि कोपऱ्यातली, भिंतीला पाठ लागेल अशी जागा धरते. मागून येणारे आवाज तेवढेच कमी. आणि निघायची वेळ घरून ठरवून निघते, कारण तिथे गेल्यावर 'थांब गं थोडं' म्हणणाऱ्यांपुढे माझं काही चालत नाही.

काही लक्षणं तर इतकी विचित्र की सांगायलाच संकोच वाटावा. डोक्यात, कवटीच्या आत, पाणी ओघळल्यासारखं वाटायचं. भिंतीत पाइप गळतोय आणि आपण कान लावून ऐकतोय, इतकं खरं. मी हे कितीतरी दिवस कुणाला बोलले नाही. शेवटी फॉलोअपला धीर करून विचारलं तर डॉक्टर शांतपणे म्हणाल्या की असा रक्तस्राव झालेले पुष्कळ जण हेच सांगतात. नेमकं कारण ठाऊक नाही, पण रक्त ओघळत असल्याची ती खूण नव्हे. तसंच कंबरेचं. सुरुवातीच्या आठवड्यांत कंबर आणि मांड्यांच्या मागच्या शिरा अशा ठणकायच्या की वाटलं, आता हे काय नवीन. ते नवीन नव्हतंच. मेंदूभोवतीचं पाणी पाठीच्या कण्यातूनही फिरतं; त्यात मिसळलेलं रक्त खाली उतरून तिथल्या आवरणांना चिडवतं. कारण कळल्यावर दुखणं कमी झालं असं नाही, पण रात्री दोन वाजता छताकडे बघत नवे रोग शोधायचं काम थांबलं.

आणि डोकेदुखी.

डोकं कुणाचं दुखत नाही? पण ज्याचं एकदा असं दुखलंय, त्याला नंतर साधं डोकं दुखत नाही. प्रत्येक कळ आधी 'ती' असते. मग पाच-दहा मिनिटांनी, ओळख पटवून, साधी ठरते. मधल्या पाच-दहा मिनिटांत मी काय काय करते ते सांगते. दोन्ही हात समोर धरते, एखादा खाली येतोय का बघते. आरशात हसते, तोंड वाकडं होतंय का पाहते. मोठ्याने स्वतःचं नाव आणि आजचा वार म्हणते. नवऱ्याने एकदा मला आरशासमोर 'गुरुवार' म्हणून हसताना पाहिलं, तेव्हापासून तो त्या खोलीत येण्याआधी खाकरतो.

यातला विनोद सोडला तर फरक ओळखायला शिकणं हे गंभीर काम आहे आणि ते डॉक्टरांकडून समजून घ्यावं लागतं. रक्तस्रावानंतर डोकं दुखणं हे कित्येक महिने, कधी त्याहूनही जास्त चालतं. माझी नेहमीची डोकेदुखी हळूहळू चढते, पाणी कमी प्यायलं, झोप मोडली की हमखास येते, आणि अंधाऱ्या खोलीत पडलं की उतरते. ती ओळखीची झालीय. पण एका झटक्यात शिगेला पोचणारी वेदना, त्यासोबत उलटी, मान आखडणं, आकडी, शुद्ध हरपणं, एका बाजूचा अशक्तपणा, बोलणं अडखळणं किंवा एकाला दोन दिसणं, यातलं काही झालं तर ओळख पटवत बसायचं नाही, तडक दवाखाना गाठायचा. हळूहळू वाढणारी गुंगी, चालताना तोल जाणं, लघवीवरचा ताबा सुटणं, यांनाही थकवा समजून सोडून द्यायचं नाही. मेंदूतल्या पाण्याचा निचरा तुंबल्याने, हायड्रोसिफॅलसने, असं होऊ शकतं आणि त्यावर इलाज आहे. ही यादी आमच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलीय. यादी तिथे आहे म्हणून मला ती डोक्यात घेऊन फिरावं लागत नाही, हा तिचा मोठा उपयोग.

दुसरा सापळा गोळ्यांचा. दुखलं की गोळी, पुन्हा दुखलं की पुन्हा. महिन्यातले पंधरा किंवा जास्त दिवस साध्या वेदनाशामक गोळ्या घेत राहिलं, आणि हे काही महिने चाललं, तर त्या गोळ्यांनीच डोकं दुखायला लागतं. त्यात कुठली गोळी चालेल हेही आपल्या मनाने ठरवायची सोय नाही; काही वेदनाशामकांनी रक्त पातळ होतं. मी गोळी घेतली की कॅलेंडरवर फुली मारते. फुल्या दाटल्या की डॉक्टरांना फोन.

राग आणि रडू यांच्याबद्दल लिहायला मला फारसं आवडत नाही, पण वगळलं तर ते खोटं होईल. चमचा खाली पडला म्हणून मी मुलीवर ओरडलेय. जाहिरात बघून हुंदके देऊन रडलेय, आणि जाहिरात गाद्यांची होती. दुःख झालं होतं म्हणून नव्हे. रडू आधी येतं, दुःख मागाहून कारण शोधत येतं. काही वाटा मेंदूच्या दुखापतीचा, काही मनाचा. झटक्यानंतर साधारण तीनातल्या एकाला नैराश्य गाठतं. त्याला उपचार लागतात, 'मन खंबीर ठेव' पुरत नाही. आणि काही वाटा औषधाचाही असतो, हे मला उशिरा कळलं. आकडी येऊ नये म्हणून मला लेव्हेटिरासिटाम दिलं होतं. चिडचिड हा त्याचा माहीत असलेला परिणाम. दादा मला गाडीत म्हणाला, "तू हल्ली फार तोडून बोलतेस." मी त्यालाही तोडूनच उत्तर दिलं, पण ते डॉक्टरांच्या कानावर घातलं. डॉक्टरांनी डोस हळूहळू उतरवत बंद केला. आपल्या मनाने बंद केलं असतं तर आकडीचा धोका होता.

'मन खंबीर ठेव'चाच भाऊ म्हणजे 'मेंदूला व्यायाम दे'. तीन वेगवेगळ्या माणसांनी मला कोडी सोडवायचं ॲप पाठवलं. कोडी सोडवून कोडी सोडवायला चांगली जमतात. माझ्या अनुभवात त्याचा अर्ज भरायला उपयोग झाला नाही. अर्ज भरायला अर्जच भरावा लागतो, सकाळी, ताज्या डोक्याने, अर्धा आज आणि अर्धा उद्या.

खरा उपयोग झाला तो ऑक्युपेशनल थेरपिस्टने, म्हणजे रोजची कामं पुन्हा जमवायला शिकवणाऱ्या बाईंनी, सांगितलेल्या एका गोष्टीचा, आणि ती अमलात आणणं सगळ्यात अवघड गेलं: थकल्यावर नव्हे, थकायच्या आधी थांबायचं. बरं वाटतंय त्याच दिवशी. बरं वाटलं की साठलेली सगळी कामं त्या दिवशी उरकावीशी वाटतात, मग पुढचे दोन दिवस आडवं, मग पुन्हा बरं, पुन्हा तेच. तिने या चढउताराचा आलेख काढून दाखवला आणि म्हणाली, शिखरं छाटा, दऱ्या आपोआप भरतील. चांगला चाललेला हात मध्येच थांबवून दहा मिनिटं डोळे मिटून पडायचं, यात जो चडफडाट होतो तो सांगून कळायचा नाही. ऑफिसात तर ते आळसासारखंच दिसतं. मी साहेबांना सरळ सांगितलं की मला कमी काम नको, मधे मधे थांबायला हवं. त्यांनी ते मान्य केलं, हे माझं भाग्य. सगळीकडे करत नाहीत.

थेरपिस्टच्याच सांगण्यावरून मी एक वही सुरू केली. नेहमीची डायरी नव्हे. एका रकान्यात काय केलं, दुसऱ्यात त्याची किंमत. 'बँकेत गेले – दुपारची झोप.' 'वहिनीशी फोन, वीस मिनिटं – काही नाही.' 'तिघींशी एकदम गप्पा – संध्याकाळपर्यंत डोकं जड.' एवढंच. पानं भरत गेली तशी एक गोष्ट दिसायला लागली: काही दिवशी डाव्या रकान्यात काहीच नव्हतं आणि उजवीकडे तरीही पूर्ण दिवस खर्ची पडलेला. न केलेल्या कामाचीही किंमत पडत होती.

मागच्या भेटीला ती वही डॉक्टरांपुढे ठेवली. त्या पानं उलटत त्या रिकाम्या डाव्या रकान्यांपाशी थांबल्या. झोपेत घोरता का, दम कोंडून जाग येते का, थंडी फार वाजते का, पाळी नियमित आहे का, असे एकामागून एक प्रश्न विचारले. मग समजावून सांगितलं: मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पिट्यूटरी ग्रंथी असते, अशा रक्तस्रावानंतर काहींच्यात तिचं काम मंदावतं, हार्मोन कमी पडतात, आणि मग जो थकवा येतो तो विश्रांतीने जात नाही. थायरॉइड, रक्तातलं लोह, झोपेतला श्वास, हेही बघायला हवं. "सगळा थकवा झटक्याच्याच माथी मारायचा नाही," त्या म्हणाल्या. एवढ्या तपासण्या झाल्या, हे आधी का नाही निघालं, असं मी विचारलं. "आधी तुम्ही जमतंय म्हणालात," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, "तुम्ही तेवढंच विचारलं होतंत." त्या हसल्या आणि चिठ्ठी लिहायला घेतली.

रक्त सकाळी आठच्या सुमाराला द्यायचं होतं, कारण त्यातलं कॉर्टिसॉल हे हार्मोन सकाळीच मोजावं लागतं. दिलंय. अहवाल यायचाय. बहुधा सगळं नॉर्मल येईल, असं डॉक्टरांनीच आधी सांगून ठेवलंय. आलं तर एक शक्यता मिटेल, काही कमी निघालं तर त्याला औषध आहे. आणि काहीही आलं तरी दुपारची झोप सध्या चालूच ठेवा, असंही त्यांनी चिठ्ठीवर लिहून दिलंय, सही-शिक्क्यासकट. त्याची एक प्रत मी ऑफिसात दिलीय.